अधिक चार

आलेखाच्या कागदावर जे घडतं ते संसारातही घडलंच पाहिजे, असं मानणारा माणूस सुरतेत एकच, आणि ते माझे मामा. मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, पण आलेखातल्या वक्रासारखी वाकवलेली खिशातली तार काही सुटली नाही. कुणी भेटलं की ती तार खिडकीच्या जाळीवर धरायची आणि वर सरकवायची. "हा एक्सचा वर्ग. अधिक चार केलं, की प्रत्येक बिंदू चार घरं वर. आकार तोच!" एका लग्नात फोटोसाठी ठेंगण्या नवरदेवाला पाटावर उभं केलं, तर मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "आकार तोच आहे, फक्त अधिक अर्धा झालाय." त्या घरी मामांना पुन्हा आमंत्रण नाही.

दर पावसाळ्यात खाडीचं पाणी तळमजल्यावरच्या त्यांच्या घरात शिरायचं. शेवटी त्यांनी त्याच इमारतीत, बरोबर डोक्यावरचं चौथ्या मजल्यावरचं घर घेतलं. मामांच्या आनंदाला पारावार उरला नाही. माठ, देव्हारा, कॅलेंडरचा खिळा, सगळं जिथल्या तिथे, फक्त चार मजले वर. पाण्यापासून वाचवायला कपाटाखाली घातलेल्या विटासुद्धा त्यांनी वर नेल्या. मामी त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "आहो, इटा कसाले लयन्यात? आठे पानी येस का?" पण मामांना आकार बिघडवायचा नव्हता.

मामी मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेल्या. खाली दाराशी ओटा होता. संध्याकाळी शेजारणी भाजी निवडायला तिथे जमायच्या. चौथ्या मजल्यावर, तेही लिफ्ट नसताना, कोण चढणार? एके दिवशी भरल्या डोळ्यांनी त्या म्हणाल्या, "घर तेच शे, पन बोलाले मानूस नही."

मामांनी तार खिशातून काढली, तिच्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "एक बिंदू खाले ऱ्हायना ते आलेख तुटना!" म्हणत, खाली राहून गेलेला तो बिंदू आणायला ते जिना उतरले. जिन्याच्या चौकात टेकायला बाकडं आलं. मग एका हातात प्लास्टिकची खुर्ची घेऊन ते ओट्यावर जमणाऱ्या, तळमजल्यावरच्या रंजनबेनला वर आणू लागले. "माश्तर, मारा घूंटण!" असं गुडघे धरून ती कण्हली, की मामा जिन्यातच खुर्ची मांडायचे. दोघं दमायचे, पण रोज यायचे. आवाज जवळ आला की मामी चहाचं आधण वाढवायच्या.

हजीऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे मी आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या इमारतीत उंचावर राहतो. घर छान आहे, सामानही सगळं वर आलं. तरी संध्याकाळी जिन्यात पाऊल वाजलं, की मी उगीच दार उघडून बघतो.