कुणाची वेळ, आत्या?

खालिदाभाभींचा फोन आला तेव्हा मी चितेगावच्या घरी कुकर लावत होते. छावणीत माझ्या आत्याच्या भिंतीला लागूनच त्यांचं घर. "बेटा, निर्मलाबाजी गुजर गए... कुर्सी पे बैठे-बैठे," त्या म्हणाल्या. रडू यायच्या आधी माझ्या मनात शंका आली, खरंच? की मला बोलावून घ्यायची ही आणखी एक युक्ती? दीड महिना झाला, त्या शंकेची लाज अजून जात नाही. पण ती आली कुठून, ते सांगायला हवं.

आई-वडील गेल्यावर निर्मलाआत्यानं मला वाढवलं. ती नर्स होती, लग्न केलं नव्हतं. कॉलेजची सहल असो की नोकरीचा अर्ज, तिचं एकच उत्तर असायचं, "देवाची वेळ येऊ दे." मी तेविसाची असताना जालन्याचे एक शिक्षक मला पाहून गेले. मला ते आवडले होते. "थांब. प्रभूची वेळ आली की निरोप येईल," आत्या म्हणाली. आठ महिने मी गुडघे टेकून प्रार्थना केली. निरोप काही आला नाही... मग एकदा औरंगपुऱ्यात, कापडाच्या दुकानात, त्या शिक्षकांची बहीण भेटली. म्हणाली, "तुमच्या आत्यांनीच दुसऱ्या दिवशी फोन करून नकार कळवला की. दादाचं लग्न झालं नाताळात."

घरी आले तर आत्या मेथी निवडत होती.

"फोन तू केला होतास?"

"व्हय," ती मान वर न करता म्हणाली. "तू गेलीस की या घरात मी एकटी... भ्याले मी. माझं नाव सांगायची लाज वाटली, म्हणून देवाचं पुढं केलं."

महिनाभर मी तिच्याशी बोलले नाही. बायकांच्या प्रार्थनासभेत तिनं उभं राहून, माझ्यादेखत, हे सगळं कबूल केलं. मला तेही नाटकच वाटलं. दोन वर्षांनी चितेगावहून विलासचं स्थळ आलं. तोवर आत्याची नजर अधू झाली होती. तरी होकार तिनंच कळवला. "भीती वाटतीय लई," फोन ठेवून ती म्हणाली, "पण माझं प्रभू बघंल. तू जा."

तरीही माझा संशय गेला नाही. गुडघा दुखतोय म्हणाली की वाटायचं, बोलावणंच आहे हे. मी गुपचूप खालिदाभाभींना विचारायची, खरंच दुखतंय का? एकदा तिचं मनगट मोडलं, ते मला प्लास्टर निघाल्यावर कळलं. तेव्हा वाटलं, मला अपराधी वाटावं म्हणूनच लपवलं असणार. शेवटच्या आठवड्यात ती फोनवर म्हणाली, "सवड झाली की ये. घाई नाय." त्या 'घाई नाय'चा खरा अर्थ काय असेल, ते मी शोधत बसले आणि त्या रविवारी गेलेच नाही. मंगळवारी ती गेली.

माती दिल्यानंतर चार दिवसांनी घर आवरत होते. खालिदाभाभी एक घासलेलं ताट घेऊन आल्या. "ये बाजी का है." रविवारी चर्चहून आल्यावर आत्या दोघींचा स्वयंपाक करायची म्हणे. दोनपर्यंत वाट बघायची आणि मग माझं ताट झाकून त्यांच्याकडे द्यायची. "मैं बोलती, एस्तेर को फोन लगाऊँ क्या? तो बोलते, नक्को. आएगी, उसके टाइम पे."

किती रविवार, हे विचारायचं धाडस झालं नाही. भाभी गेल्यावर भात टाकला, त्याच ताटात वाढून घेतला आणि एकटीच जेवायला बसले. 'उसके टाइम पे'... सवयीनं त्यातही खोट शोधून पाहिली. सापडली नाही.