उंबऱ्याखालचं सोनं

आमच्या विचुंब्याच्या घराच्या उंबऱ्याखाली सोनं पुरलंय, असं बाबा आयुष्यभर सांगत आले. त्यांना ते त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं. शेजारी राहणारी काकू तोंडाला पदर लावून हसायची आणि आईला विचारायची, "काय गो बाय, सोनं वाढलं का?" बाबा गेले, पण काकूचा प्रश्न काही गेला नाही.

गेल्या वर्षी भावाने जुनं घर पाडून बंगल्याचं काम काढलं. उंबरा उचलला आणि खाली खरंच मडकं निघालं. आईने हात जोडले. आत हिरव्या थराने एकमेकांना चिकटलेली नाणी होती, सगळी तांब्याची. काकू तिथेच उभी होती. ती नुसती मान हलवत आपल्या घरात गेली. आईला ते फार लागलं.

भावाने मडकं आणि आई, दोघांनाही माझ्या करंजाड्याच्या फ्लॅटवर आणून सोडलं. आईला घर उभं राहीपर्यंत, मडक्याला कायमचं. कुणाला नको असलेली वस्तू मला हवीच असते, असा त्याचा समज आहे. तो खराही आहे.

मी मोबाइलवर वाचून कामाला लागले. जुनं तांबं घासायचं नाही, आंबट तर अजिबात लावायचं नाही. बॅटरीत घालतात ते पाणी आणायचं, त्यात नाणी भिजत ठेवायची, पाणी बदलत राहायचं आणि माती सुटली की दातकोरणीने कणकण काढायची. घरातल्या सगळ्या वाट्या अडकल्या. नवऱ्याने एकदा त्यातलंच पाणी ओठाला लावलं, तेव्हापासून तो बाटलीनेच पाणी पितो.

आई हे सगळं बघत होती. "देवाची भांडी आमी चिंचेनं घासतो, चकाचक व्हतात. तू काय टोचत बसलीस?"

"आई, घासलं की अक्षरं जातात."

"अक्षरं काय करायचीत? आत सोनं हाय का ते बघ."

शेवटी एका नाण्यावर 'छत्र' एवढी अक्षरं उमटली. म्हणजे 'छत्रपती', म्हणजेच शिवराई. आनंदाने मी घरभर नाचले. नवऱ्याला दाखवलं, आईला दाखवलं, नाणं ओट्यावर सुकत ठेवलं आणि बाजारात गेले. परत आले तर स्वयंपाकघरात चिंचेचा वास. आई राख, मीठ आणि नारळाची शेंडी घेऊन खाली बसलेली. हातात माझी शिवराई, नव्या तांब्यासारखी लखलखीत आणि दोन्ही बाजूंनी कोरी.

माझ्या डोक्यात सणक गेली. "काय केलंस हे? ते तांबं आहे, आई. किती घासलंस तरी तांबंच राहणार."

"मना म्हाईत हाय," आई शांतपणे म्हणाली. "जन्म गेला माझा तांबं घासण्यात. पायाभरणीला काकू येल. तिला लांबून दावायचाय. तुज्या बापाला लोकं खोटा म्हनतात, ते मना नाय चालत."

माझा राग कुठल्या कुठे गेला. बाबांवर हसणारं प्रत्येक तोंड तिने लक्षात ठेवलं होतं आणि आम्ही मुलं मात्र त्या हसण्यात सामील व्हायचो. चिंचेची चमक दोन दिवसांत काळवंडते. मी नाणं पुसलं, कोरडं केलं आणि बाकीच्या नाण्यांसाठी आणलेलं मेण त्यावर हलक्या हाताने चढवलं. शास्त्राप्रमाणे काम केलेलं ते माझं पहिलं नाणं, आणि त्यावर वाचण्यासारखं काहीच नव्हतं.

पायाभरणीला अख्खी भावकी जमली. पूजा झाली, खड्ड्यात तांब्याचा कलश ठेवला. पायात नाणं टाकायची रीत आहेच. आईने कनवटीचं नाणं काढून उन्हात धरलं. काकू एक पाऊल पुढे सरकली. आई एक पाऊल मागे सरकली. मग तिने ते खड्ड्यात टाकलं आणि गवंड्याकडे वळून म्हणाली, "वत रे माल."

त्याने काँक्रीट ओतलं. आईने पदर सारखा केला आणि जेवणाच्या पंगतीकडे बघायला गेली.

मी हात धूत होते, तेव्हा काकू शेजारी येऊन उभी राहिली. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "खरं सांग गो, सोनं व्हतं?"

"बाबा सांगत होतेच की," मी म्हटलं.