नाथाजी सेटिंग

आमच्या भागात कुणी जुना ट्रक घ्यायला निघाला की तो आधी नाथाजीआण्णांना विचारायचा, मग बायकोला. आता आण्णांना कुणी विचारत नाही. हे कुणामुळं झालं ते सांगायला मला जड जाणार आहे, पण सांगतो.

कराडला नाक्यावर माझं टायरचं दुकान आहे. ट्रकवाल्यांच्या बाता ऐकण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. त्यातल्या निम्म्या लोकांना इंजिन पुढच्या बाजूला असतं एवढंच कळतं, आणि बाकीच्या निम्म्यांना तेवढंही कळत नाही. आण्णांची गोष्ट वेगळी होती. पाटणच्या अलीकडच्या एका वाडीतला हा माणूस लष्करात अठरा वर्षं गाड्या दुरुस्त करून हवालदार होऊन परत आला. गावी ऊस लावला, पण जीव इंजिनातच राहिला. कुणीतरी एकदा जुनी गाडी घेताना त्यांना बरोबर नेलं. ती गाडी पुढं बारा वर्षं चालली. तेव्हापासून पाटण तालुक्यात आणि मग कराडपर्यंत एकच रिवाज पडला, की गाडी आण्णांनी पास केल्याशिवाय घ्यायची नाही.

त्यांची परीक्षा ठरलेली. गाडी कोयनानगरवरून रिकामी कुंभार्ली घाट उतरायची, खाली चिपळूणकडं जांभ्या दगडाचे चिरे भरायचे आणि तोच घाट चढायचा. आण्णा ड्रायव्हरच्या शेजारी बसायचे, मधल्या इंजिनाच्या झाकणावर उजवा हात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. गप्पा बंद, मोबाईल बंद. वर आलं की खाली उतरून म्हणायचे, ‘घ्या’ किंवा ‘नगा घिऊ’. तिसरा शब्द नाही. पैसे कधी घेतले नाहीत. घेणाऱ्यानं गाडीपुढं नारळ फोडला की त्यातली अर्धी भकलं घरी न्यायचे, तेवढाच त्यांचा मान. माझा सहा चाकी ट्रकही त्यांनीच असा पास करून दिला होता, तीन वर्षांपूर्वी, सांगलीच्या शिवतेजकडून.

हा शिवतेज म्हणजे विश्रामबागेत काचेचं ऑफिस थाटून जुन्या गाड्यांचा धंदा करणारा माणूस. बोलायला लोण्यासारखा. गिऱ्हाईक पाटण-कराडचं आहे असं कळलं की स्वतःच म्हणायचा, ‘आमचं काय ऐकू नका, आण्णांना घिऊन या, घाट दाखवा.’ आम्हाला वाटायचं, काय सरळ माणूस आहे! हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणून आम्ही डोळे झाकून त्याच्याकडं जायचो.

गेल्या वर्षी धम्मपाल आला. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवलेला, एकही अपघात नसलेला ड्रायव्हर. माझ्या दुकानात त्याच्यासारखा टायर जपणारा माणूस दुसरा आला नाही. त्याची आई बनाबाई लोकांच्या शेतात राबून म्हातारी झाली होती. आता त्याला स्वतःची गाडी घ्यायची होती. दारावर स्वतःचं नाव असलेली गाडी, एवढंच त्याचं मागणं होतं. साठवलेलं सगळं आणि बायकोचं डोरलंसुद्धा त्यानं त्यात घातलं. शिवतेजकडची गाडी त्याला पसंत पडली. आण्णांना बोलवायला मीच गेलो.

निघण्याआधी धम्मपाल जरा चाचरत म्हणाला की या नव्या गाड्यांचं सगळं काम कॉम्प्युटरवर चालतं, तर घाटाबरोबर एकदा स्कॅनरही लावून बघूया का. आण्णांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, ‘ज्या वैद्याला नाडी कळत न्हाई, त्यानं यंत्र लावावं.’ मी तर धम्मपालवर डाफरलोच. एवढा मोठा माणूस तुझ्यासाठी फुकट येतोय आणि तू त्याची परीक्षा घेतोस? धम्मपाल ओशाळला. त्यानं तो विषय परत काढला नाही. माझं ते डाफरणं आजही मला आठवतं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

गाडीनं घाट असा चढला की विचारू नका. भरलेल्या चिऱ्यांसकट, तिसऱ्या गिअरवर, कुठंही न कुंथता. आण्णा वर उतरले तेव्हा पोरासारखे खुशीत होते. ‘घ्या’ म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिसरा शब्द बोलले, ‘लय गुणाची.’ नारळ फुटला. धम्मपालनं दारावर नाव रंगवून घेतलं आणि खाली आईचंही.

पाच महिने गाडी पळाली. डिझेल जरा जास्त खाते, एवढीच त्याची तक्रार. सहाव्या महिन्यात त्याच घाटात, त्याच चिऱ्यांच्या लोडवर, इंजिननं मोठा आवाज केला आणि जाम झालं. गाडी चार-पाच हात मागं सरकली. मागचं चाक गटारात रुतलं म्हणून थांबली, नाहीतर पलीकडं दरी होती. धम्मपाल त्या दिवशी दोन तास रस्त्याच्या कडेला नुसता बसून होता म्हणे.

कराडला इंजिन उघडलं. दोन पिस्टनचे माथे वितळून गेले होते. मेस्त्री म्हणाला, हे झिजल्याचं काम नाही, हे जाळल्याचं काम आहे. त्यानं स्कॅनर लावला आणि सांगितलं की कंपनीचं मूळ सेटिंग काढून कुणीतरी दुसरंच भरलंय, त्यात इंजिनाला झेपणार नाही इतकं डिझेल सोडलंय. असली कामं कुपवाडला होतात, असंही तो म्हणाला. आण्णा शेजारीच उभे होते. त्यांनी तो वितळलेला पिस्टन हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

आम्ही तिघं माझ्या जीपनं आधी शिवतेजकडं गेलो. त्यानं चहा मागवला. पिस्टन टेबलावर ठेवला तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. कागदावर ‘जशी आहे तशी’ लिहिलंय म्हणाला. मग आण्णांकडं बोट करून म्हणाला, ‘गाडी मी कुठं पास केली? ती यांनी केली. मी तर म्हणालो हुतो, आण्णांना दाखवा.’ असा केसानं गळा कापणारा माणूस मी पाहिला नव्हता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यात खोटं काहीच नव्हतं.

तिथून कुपवाड. कारखान्यांच्या मागच्या गल्लीत यशराज नावाच्या एका डिप्लोमावाल्याचा गाळा होता. ना तेलाचे डाग, ना पाने, एक लॅपटॉप आणि दोन वायरी. आम्ही कोण ते त्याला माहीत नव्हतं. मी म्हणालो, ट्रकचं सेटिंग करायचंय. त्यानं मान वर न करता विचारलं, ‘गाडी चालवायचीय का इकायचीय?’

विकायचीय, असं मी म्हणालो.

‘मग नाथाजी सेटिंग टाकतो,’ तो म्हणाला. ‘पाटणकडचा एक म्हातारा घाटात गाडी बघतो. इंजिन थकल्यालं असलं तरी ह्यानं घाट चढतं, आन् आवाज पण गोड येतो. त्याच्यासाठीच बनवलंय.’

मी आण्णांकडं बघितलं नाही, माझी हिंमत झाली नाही. आण्णाच पुढं झाले. त्यांनी आपण कोण ते सांगितलं नाही. फक्त विचारलं, असं सेटिंग आतापर्यंत किती गाड्यांना घातलंय. पोरानं आढ्यतेनं लॅपटॉप फिरवला. त्यावर खरोखरच त्यांचं नाव होतं, आणि नावाखाली गाड्यांच्या नंबरांची यादी. आण्णांनी चष्मा लावला आणि एकेक नंबर वाचून हळू आवाजात एकेका माणसाचं नाव घेतलं. त्यांना सगळे पाठ होते. नववा नंबर माझा होता.

ज्या परीक्षेनं आम्ही त्यांना मोठं केलं, तीच परीक्षा बघून चोरांनी चावी बनवली होती. त्यांचं नाव नसतं, तर हे सेटिंगही झालं नसतं. हे मी म्हणत नाही, हे आण्णाच परत येताना म्हणाले. कराडात उतरताना धम्मपाल एवढंच बोलला, ‘आण्णा, मी तवा स्कॅनरचं म्हणालो हुतो.’ त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्याची गाडी भंगारात गेली. आज तो पुन्हा दुसऱ्याचीच गाडी चालवतो.

दुसऱ्या दिवसापासून आण्णा त्या यादीतल्या एकेका माणसाच्या दारात जायला लागले. गाडी तपासून घ्या, मी चुकलो, मला फसवलंय, असं सांगत. सत्तरीचा माणूस, एसटीनं हिंडत होता. कुणी ऐकलं म्हणता? लोक हसायचे. ‘आण्णा, तुमीच पास केलीय की, चांगली पळतीय.’ त्यांच्या जुन्या शब्दावर सगळ्यांचा विश्वास होता, नव्या शब्दावर एकाचाही नाही. एकानं तर हळू बोला म्हणून सांगितलं, त्याला गाडी विकायची होती.

माझ्याकडं त्यांना यावं लागलं नाही. मी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. माझी गाडी सपाटीलाच फिरायची म्हणून आतापर्यंत टिकली होती, पण तिचंही इंजिन कधीतरी जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मूळ सेटिंग परत भरून घेता आलं असतं, पण मग थकलेलं इंजिन उघडं पडलं असतं आणि गाडीला कुत्रं विचारलं नसतं. म्हणून मी तसं काही केलं नाही. आठ दिवसांत विट्याचा अर्जुना नावाचा एक माणूस गाडी बघायला आला. त्यानं विचारलं, कुणी पास केलीय? मी म्हणालो, नाथाजीआण्णांनी. तो खूश झाला.

पण हुशार निघाला. त्यानं आण्णांना फोन केला. आण्णांनी त्याला सगळं खरं सांगितलं आणि गाडी घेऊ नका म्हणाले. अर्जुना माझ्याकडं परत आला, गोंधळलेला. तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून, चार माणसांच्या देखत म्हणालो, ‘वय झालंय हो त्यांचं. कान गेलाय आता. कायबी बोलत्यात.’

गाडी त्या संध्याकाळी गेली. आणि आण्णांचा कान गेला, ही बातमी त्या चार माणसांनी आठवड्यात कोयनेपर्यंत पोचवली. असं म्हणणारा पहिला माणूस मी होतो. आण्णांवर ज्यांचा विश्वास होता, त्यांच्यातलाच एक.

महिन्याभरानं आण्णा दुकानात आले. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. ते उभेच राहिले.

‘त्यो विट्याचा माणूस गाडी कुठल्या रस्त्याला चालवतोय रं?’ त्यांनी विचारलं. ‘घाटात तर जात न्हाई न्हवं?’

मी म्हणालो, न्हाई आण्णा, सपाटीलाच असतो, सोलापूरकडं.

‘मग बरं,’ ते म्हणाले. ‘गाडी गेली तर जाऊ दे, माणूस तरी वाचंल.’ आणि एसटी पकडायला निघून गेले.

अर्जुना गाडी कुठं चालवतो, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.