अहवालाचं दुसरं पान

ओतूरजवळच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवायचो. दर वर्षी नववीचा वर्ग आमच्या गावच्या महादेवाच्या देवळासमोर बसवून शिखर काढायला लावायचो. मुलं त्रिकोण काढून मोकळी व्हायची. मग त्यांना जवळ नेऊन दाखवायचो. खालचा भाग यादवांच्या काळातला, चुना न घालता नुसत्या खाचा जुळवून बसवलेला घडीव काळा दगड. वरचा भाग कधीतरी पडला असावा. पेशवाईत कुणीतरी तो विटा-चुन्यात पुन्हा उभारला. दोन्ही मिळतात तिथं बोटभर सांधा होता.

मी निवृत्त झालो त्या वर्षी त्या सांध्यातून पाणी झिरपायला लागलं. मी दोन पानी अहवाल लिहिला. पहिल्या पानावर विटा कशा ओल धरतायत, लक्ष दिलं नाही तर शिखर कसं धोक्याचं होईल, ते लिहिलं. दुसऱ्यावर उपाय: सांधा चुन्यानं भरावा, वर उगवलेला पिंपळ मुळासकट काढावा. खाली सही केली आणि जीर्णोद्धार समितीच्या अध्यक्षाला, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाला, नेऊन दिला. त्यानं चहा पाजला, कागद घडी करून खिशात ठेवला. मी समाधानानं घरी आलो.

पुढं मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं पुण्याला दोन महिने राहिलो. परतलो तेव्हा देवळाच्या जागी मोकळं आभाळ होतं. जेसीबीनं वरचं पाडलंच, खालचा दगडही उपसला होता. नक्षीचे दगड ओढ्याकडच्या रस्त्याच्या भरावात पडले होते. एकावर हंसाची मान ओळखू आली.

तसाच भावाकडे गेलो. तो शांत होता. ग्रामसभेत माझंच पहिलं पान वाचून दाखवल्याचं त्यानं सांगितलं. सगळ्यांनी हात वर केले होते.

"तूच लिवलं व्हतंस ना मास्तर, धोक्याचं हाय म्हणून? उद्या कुणाच्या डोक्यात पडलं असतं तर?"

"आणि दुसरं पान, दादा?"

"तेवढं कोण वाचतंय राव."

तो खोटं बोलत नव्हता. आपण लोकांचे जीव वाचवले, असं त्याला मनापासून वाटत होतं. माझ्याकडे भांडायलाही काही उरलं नाही.

आता तिथं सिमेंटचं उंच शिखर आहे, गुलाबी-पिवळ्या ऑइलपेंटचं. दारातल्या संगमरवरी पाटीवर भावाच्या खाली माझं नाव आहे, 'तांत्रिक मार्गदर्शक' म्हणून. ते काढायला मी दोनदा सांगितलं. कोरलेलं पुसता येत नाय, म्हणाला. गावातली माणसं भेटली की काम लई भारी झालं म्हणतात. सुरुवातीला मी समजावून सांगायचो, आता नुसती मान हलवतो.

मी भावाशी बोलत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं राग त्याच्यावर आहे. पण उपाय आधी आणि धोका नंतर लिहायचं मला का सुचलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही.