उष्टी हळद

प्रतिक्षाच्या गिरणीला ठरलेली वेळ नाही, कायदा मात्र आहे. थोरल्या लेकीला, रेवतीला, झटके येऊन गेले आणि ती शांत झाली, की गिरणी चालू. दारावरची पाटी धाकटी वेदिका फिरवते. सुलटी असली तर या, उलटी असली तर घरी जा. आणि कायदा असा, की दळण होईपर्यंत दळण आणणाऱ्यानं रेवतीचं डोकं मांडीवर घेऊन बसायचं. आई गिरणीत गुंतली तर लेकराला धरणार कोण?

रेवती अकराची, अजून मान धरत नाही. वेदिका आठची, तिला ऐकू येत नाही. बाप संतराम पुण्याला कामाला म्हणून गेला आणि तिथंच दुसरा संसार थाटून बसला. त्याला इथं गावात, कुरुंद्यात, कोणी नावं ठेवत नाही. नावं ठेवायला बायको आहे की! हळद शिजवायच्या कामावर रोज उशीर होतो म्हणून मुकादमानं प्रतिक्षाला काढून टाकलं, तेव्हा तिनं गळ्यातलं डोरलं मोडलं आणि ही छोटी गिरणी आणली. लेकरं अर्धपोटी निजत होती तेव्हा गावाच्या तोंडाला कुलूप होतं. डोरलं मोडल्याबरोबर मात्र सगळ्यांना रीत आठवली.

मिरची, धने यायला लागले. लग्नाची हळद तेवढी कशीबशी दोनच घरची आली. जिथं हळद दळली जाते तिथंच त्या घरचा लग्नाचा सगळा मसाला जातो, आणि लग्नसराई हातची गेली तर गिरणी विकून पुन्हा मुकादमाच्या पाया पडायचं. मग रेवतीला दिवसभर धरायचं कोणी?

"मोकळ्या गळ्याच्या बाईच्या हातची हळद नवरदेवाला कशी चालंल?" शेषरावाच्या धुरपताबाईनं नळावर मुद्दाम आवाज चढवून म्हटलं. तिच्या पोराचं, शिवशंकरचं, लग्न ठरलं होतं. त्याच दिवशी दोघी बायका येऊन आपल्या हळकुंडांच्या पिशव्या परत घेऊन गेल्या.

लग्न दोन दिवसांवर आलं आणि गावातल्या दुसऱ्या गिरणीची मोटार जळाली. भरदुपारी धुरपताबाई मागच्या दारात उभी. पिशवी पदराखाली.

"प्रतिक्षा, गुपचूप दळून दे माय. कोणाला सांगू नको."

प्रतिक्षाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दार तोंडावर आपटावं असं वाटलं तिला.

"मागलं दार लेकरांच्या धुण्याचं हाय, काकी. पुढून या. पाटी सुलटी हाय."

धुरपताबाई वळसा घालून, इकडंतिकडं बघत पुढून आली.

"बसा. कायदा ठाव हाय ना?"

"अगं, लगीनघर हाय माझं. असलं लेकरू मांडीवर..."

"असलं म्हंजी कसलं?" प्रतिक्षानं बटणावरचा हात काढला. "माझं डोरलं न्हाई, माझं लेकरू असलं. मंग तुमची हळद काहून आणली माझ्या दारात?"

धुरपताबाई बसली. दोन दिवसांवर लग्न, दुसरं करते काय! गिरणी घरघरली, घर पिवळं झालं. घमेलं भरून प्रतिक्षानं खाली ठेवलं आणि ती पिशवी झटकायला वळली, तेवढ्यात रेवतीचा वाकडा हात घमेल्यात गेला, तिथून तोंडात, आणि परत घमेल्यात.

"अगं बया! उष्टी केली की हळद!"

"नवरीला उष्टीच धाडता ना तुमी? तिनं कुणाचीबी उष्टी लावून घ्यायची," प्रतिक्षा म्हणाली. "मंग माझ्या लेकरानं तुमचं काय घोडं मारलं?"

पुन्हा हळकुंडं आणायला वेळ नव्हता. धुरपताबाई रेवतीला उचलून आईकडं देऊ लागली, तेव्हा लेकरानं तिचा पाठीवरचा पदर घट्ट धरला. प्रतिक्षानं एकेक बोट सोडवलं. धुरपताबाईनं पिशवी पदराखाली लपवली आणि पुढच्या दारानं तरातरा निघाली.

तिच्या मोतिया रंगाच्या पातळावर, पाठीच्या मधोमध, पाची बोटं पिवळीधमक उमटली होती. वेदिकेनं ती पाहिली आणि आईचा हात ओढून बोट दाखवलं. समोर नळावर सात-आठ बायका उभ्या होत्या.

'काकी, पाठ पुसा,' एवढंच म्हणायचं होतं. प्रतिक्षा म्हणाली नाही.