वाढत्या मापाचं

तीन वर्षं मी देवाशी बोलत नव्हते. सासूबाई संध्याकाळी दिवा लावायच्या, मी वाती वळून द्यायचे आणि स्वयंपाकघरात निघून जायचे. भांडण सरळ होतं. आमची तन्वी चार वर्षांची असताना तिच्या रक्तात सिकलसेल निघाला, आईबापांकडून उतरणारा आजार. दवाखान्यातून नवऱ्याला आणि मला मिळालं पिवळं कार्ड, म्हणजे दोष अंगात आहे पण त्रास नाही. तिचं लाल, म्हणजे आजारच. आम्हा दोघांना काही नाही आणि भोगायचं मात्र त्या एवढ्याशा जिवानं, हा कुठला न्याय, एवढंच मला विचारायचं होतं. उत्तर आलं नाही, तेव्हा मीही विचारणं सोडलं.

सासूबाईंनी मारोतीला नवस केला होता: नात बरी झाली की तिला तिच्याच पायांनी टेकडी चढवीन आणि पायथ्याशी रोडग्यांचा स्वयंपाक करीन. पण हा आजार मुळासकट जात नाही, सांभाळत जगायचं असतं, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे नवस कधी फिटायचा नव्हता. खरं सांगायचं तर मला पुढचं काही दिसतच नव्हतं. आमच्या शहापुरात बायका लेकरांना वाढत्या मापाचे कपडे घेतात, दोन वर्षं पुरतात म्हणून. मी तन्वीला नेमक्या मापाचे घ्यायचे. दुकानदार म्हणायचा, "ताई, एक नंबर मोठा घ्या नं, पुढच्या साली चालते." मी म्हणायचे, नको, बरोबर मापाचाच द्या. का, ते मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

यंदा शाळेची सहल निघाली आणि तन्वीला नेणं जमणार नाही असा निरोप आला. त्यांचंही चुकलं नव्हतं. पण पोरीनं भरून ठेवलेली पिशवी स्वतःच रिकामी केली, रडलीसुद्धा नाही, आणि माझं डोकं फिरलं. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी जाहीर केलं, संक्रांतीनंतरच्या रविवारी आपण सगळे मारोतीच्या टेकडीवर जायचं आणि नवस फेडायचा.

"पोरगी बरी झाल्यावर चढवाचं होतं," सासूबाई म्हणाल्या. "आता कायले?"

"देवानं त्याचं काम नाही केलं," मी म्हणाले, "पण आम्ही आमचं करून दाखवू."

त्यांनी कानांना हात लावले. मी एकदा ठरवलं की ऐकत नाही हे नवऱ्याला ठाऊक आहे.

रविवारी ऊन चांगलं वर आल्यावर आम्ही टेकडीखाली पोचलो. सासूबाईंनी गोवऱ्या पेटवल्या आणि निखाऱ्यांत भाजायच्या रोडग्यांची कणीक मळायला घेतली. मी गाडीतून पाण्याची बाटली आणि नारळ घेतला. औषधांची पिशवी, शेकायची रबरी पिशवी, शाल, हे सगळं मुद्दाम गाडीतच ठेवलं. आज एक दिवस माझी लेक पेशंट नाही, असं मनाशी म्हटलं. या हट्टाची मला आजही लाज वाटते. नवऱ्यानं आमच्या धाकट्याला, चार वर्षांच्या वेदूला, खांद्यावर घेतलं आणि आम्ही निघालो.

तन्वी हरणासारखी पळत होती आणि मी तिला अडवत नव्हते. वाटेत हिरव्या लुगड्यातली एक बाई पायरीवर बसलेली दिसली. वीसेक पायऱ्या चढायची, बसायची, झोळीतून पाणी काढून प्यायची, पुन्हा उठायची. एवढ्यात बसायला काय झालं हिला, असं माझ्या मनात आलं आणि आम्ही तिच्यापुढे निघून गेलो.

अर्ध्यावर तन्वी थांबली. "आई, पाय दुखून राहिले." पुढच्या क्षणी ती पायरीवर बसली आणि दोन्ही मांड्या आवळून कण्हायला लागली. आजाराची कळ उठली की येणारा तो आवाज मला ओळखीचा होता. वरून गार वारा सुटलेला, बाटलीत घोटभर पाणी आणि औषध खाली. नवरा वेदूला माझ्याजवळ ठेवून औषधांची पिशवी आणायला धावत पायऱ्या उतरला. मी पदरानं पोरीचे पाय चोळत होते आणि वर शेंदरी कळसाकडे पाहत होते. मागितलं काहीच नाही. "बघ, किती सतावतोस ते," एवढंच म्हटलं. तीन वर्षांत त्याच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

तेवढ्यात ती हिरव्या लुगड्यातली बाई पोचली. पिशवीसाठी धावणारा नवरा तिला वाटेत भेटला असावा; तिनं काही विचारलं नाही. झोळीतून शाल काढून तन्वीचे पाय गुंडाळले, थर्मासमधलं कोमट पाणी घोटाघोटानं पाजलं. मग तिच्या डोळ्यांत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "लाल कार्ड हाय नं?"

मी मान हलवली. तिनं कमरेच्या बटव्यातून प्लॅस्टिकमध्ये घातलेलं, कडा झिजलेलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. लाल. तेव्हा कुठे मी तिच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. माझ्या लेकीसारखेच पिवळसर.

कण्हत कण्हतच तन्वीनं विचारलं, "मावशी, तू किती वर्षांची?"

"अठ्ठेचाळीस चालू हाय, माय. दर साली येतो इथं, बसत बसत. मारोतीले काही घाई नाही."

मला रडू आवरेना. अठ्ठेचाळीस. एवढी मोठी झालेली लाल कार्डाची बाई मी तोवर पाहिलीच नव्हती. तिनं मला रडू दिलं आणि मग चांगलं फटकारलं. "बाई, जिद्द चांगली हाय. पण पिसवी काहून खाली ठेवली? चढाचं तं पिसवी घेऊनच चढाचं."

औषध आलं. त्याच्या मागोमाग, गुडघे धरत, सासूबाईही आल्या, फडक्यात गरम रोडगे बांधून. दुखणं हळूहळू उतरलं. आणखी चढायचं नाही हे मीच ठरवलं आणि नारळ कुठे फोडायचा म्हणून सासूबाईंकडे पाहिलं. "इथंच फोड," त्या म्हणाल्या. "पोरगी आपल्या पायानं इथवर आली. देवाले वरून दिसते." मी त्याच पायरीवर नारळ फोडला. पहिला तुकडा त्या बाईच्या हातावर ठेवला. तो तोंडात टाकून ती उठली आणि वीस पायऱ्यांवर जाऊन पुन्हा बसली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

तिला कुणी पाठवलं, याच्यावर मी वाद घालत नाही. न्यायाचा माझा प्रश्नही तसाच आहे आणि तो मी सोडणार नाही. पण शरण जाणं म्हणजे हात टेकणं, असं मला वाटत होतं, ते चुकीचं निघालं. जे वाट्याला आलं ते झोळीत घालायचं, दमलं की बसायचं आणि उठून पुन्हा चढायचं, हेही शरण जाणंच आहे. आता संध्याकाळचा दिवा मी लावते, आणि लावताना त्याच्याशी भांडतेसुद्धा.

परतताना तुमसरच्या बाजारात गाडी थांबवली. तन्वीला लाल स्वेटर घेतला, दोन नंबर मोठा. बाह्या तिच्या बोटांखाली लोंबत होत्या.

"आई, लय मोठा होऊन राहिला," ती म्हणाली.

"असू दे," मी म्हणाले आणि बाह्या दुमडून दिल्या. "तू होशील तेवढी."