साडूंच्या फाइलीतली माणसं

माझ्या साडूंइतका जगाला ओळीने लावणारा माणूस खानदेशात दुसरा झाला नसेल. नव्वदच्या दशकात ते धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात संगणकाची खोली सांभाळत. कॉलेजातली सगळी माणसं संगणकात भरायची, ती साध्या मजकुराच्या फाइलीतून: वरच्या ओळीत माणसाचा पत्ता, नावापासून थेट देशापर्यंत, खाली एकेका ओळीत त्याची माहिती, माणूस संपला की एक ओळ रिकामी. ही शिस्त त्यांच्या अंगात मुरली. रिक्षावाल्यालाही ते "दुसरी गल्ली, देवपूर, धुळे, महाराष्ट्र, भारत" असं सांगत. एका लग्नाच्या पंगतीत दोन घरच्या पाहुण्यांमधे त्यांनी एक पान मुद्दाम रिकामं ठेवलं. वाढपी वैतागला, तर म्हणाले, "मधे जागा नई सोडली तर दोन्ही घरं एकच समजतीन ना भो!"

हौसेने त्यांनी आमच्या सासरची माणसंही तशीच भरली. आधी थोरलं, मग त्याच्याखाली धाकटं. वरचं नसेल तर यंत्र खालच्याला घेतच नाही. ते बघायला फैजपूरहून आमचे सासरे, आबा आले, सोबत मी. धाकट्या मेव्हणीने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं होतं, ती जळगावात राहायची, आणि आबा तिचं नाव घरात काढू देत नसत. पडद्यावर ते दिसताच म्हणाले, "हे काढ."

मी थोरला जावई. नेहमीसारखा गप्प बसलो.

साडूंनी नोंद काढायची आज्ञा दिली. यंत्राने नाकारली.

"आबा, निंघत नई. हिना खाले पोर शे. आधी पोरले काढनं पडी. काढू का?"

नात झाल्याचं आबांना ठाऊकच नव्हतं. मग ते म्हणाले, "नाव काय तिचं?"

साडूंना ते फाइलीतून वाचता आलं असतं, पण त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "भाऊ, बारशाले तुम्हीच व्हतात ना?"

त्या बारशाला मी चोरून गेलो होतो. बायकोलाही सांगितलं नव्हतं. ह्यांना कुठून कळलं, देव जाणे. मी नाव सांगितलं. आबांनी ते एकदा पुटपुटून पाहिलं, टोपी नीट केली आणि विचारलं, "जळगावची गाडी केव्हा आहे?"

साडू आबांना नि मला सोडायला स्टँडपर्यंत आले. गाडी हलली तेव्हा साडूंशी काहीतरी बोलावं असं मला फार वाटलं. मी खिडकीतून नुसता हात केला. आता साडू नाहीत. बोलायचं राहिलं ते राहिलंच.